बर्फावरचा खराटा

कॅनडातून परत आल्यापासून वस्तीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काय पाह्यलं गा, दादा?" धबधबा पाहिला का, पन्नास मजल्यांची इमारत पाहिली का, असं पुढे सुरू होतं. मी अख्खा हिवाळा तिथं काढला आणि धबधबा पाहिला नाही. उंच म्हणाल तर धान्याची एक कोठी तेवढी पाहिली. बाकी जे पाहिलं आणि जे केलं, खरं म्हणजे जे केलं नाही, ते चारचौघांत छाती पुढे काढून सांगण्यासारखं नाही. पण आपल्या वाचनालयाच्या मंडळींनी वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन मागितलं. वस्तीतून एवढ्या लांब गेलेला सध्या मीच एकटा. नाही म्हणालो असतो तर माणसं म्हणाली असती, बुवाला शिंग फुटले. म्हणून लिहायला बसलो आहे.

निघताना

मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, त्याच वर्षी, म्हणजे सत्त्याहत्तर साली, मुलीनं तिकीट पाठवलं. सुजाता नर्स आहे. शिक्षण नागपुरातच झालं आणि नोकरी थेट कॅनडातल्या एका छोट्या गावच्या दवाखान्यात लागली. तिची आई त्याआधीच गेली होती. पोरगी एकटी तिकडे, मी इकडे. घरात धाकट्या भावाचा संसार असल्यामुळे माझ्या म्हाताऱ्या मायची काळजी नव्हती, म्हणून मी हो म्हणालो.

मायनं भिवापुरी तिखटाची पुडी बांधून दिली, वर जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, "तिकडं कोणाचं हलकं काम करू नको गा. मान खाली घालू नको."

हे ती का म्हणाली ते सांगायला हवं, नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

आमचं मूळ गाव कुहीकडचं, धानाच्या बांध्यांतलं. पाटलाच्या दारापुढचं अंगण आणि गावची चावडी झाडायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. माझ्या मायनं ते लग्न होऊन आल्यापासून केलं. छप्पन साली आम्ही सगळ्यांनी नागपुरात दीक्षा घेतली. मी तेव्हा नागपुरात नोकरीला होतो, माय गावाहून पायी आली होती. तिला परत पोचवायला मी गेलो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. गावी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाचा माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून रोजच्यासारखा ओरडला, "झाड वं, झाड." मायनं कोपऱ्यातला खराटा घेतला, त्याची दोरी सोडली, काड्या मोकळ्या केल्या आणि चुलीत घातल्या. त्याच जाळावर चहा ठेवला. तो माणूस ओरडतच होता. तिनं मला कपबशी दिली आणि म्हणाली, "आता दुसऱ्याच्या जमिनीवर खराटा धरायचा नाही."

तो चहा मी प्यालो आहे. मी पडलो सरकारी माणूस, नियम म्हटला की अक्षरशः पाळायचा. कचेरीत एकदा श्रमदान निघालं. साहेबांनी फोटोपुरता झाडू हातात घेतला, मागोमाग सगळ्या कारकुनांनी घेतला. मी त्या दिवशी किरकोळ रजा टाकली होती.

मुलीचं गाव

विमानातलं, विमानतळावरचं सांगत बसत नाही. रांगा इथून तिथून सारख्याच. मुलीचं गाव म्हणजे एक मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, टोकाला रेल्वेचे रूळ आणि रुळांशेजारी ती धान्याची कोठी. गाव गव्हावर जगणारं. कोठीपुढे ट्रक लागले की मला नागपूरच्या इतवारीतल्या धान्यबाजाराची आठवण यायची, फक्त इथं हमाल नाहीत, ओरडा नाही आणि एकही बैल नाही.

थंडीचं काय सांगू. आपल्याकडे जानेवारीत शेकोटी पेटवून आपण जिला थंडी म्हणतो, ती त्यांच्याकडे सप्टेंबरातली संध्याकाळ असते. पहिल्या दिवशी मी रुबाबात टाय लावून, कानटोपी न घालता पोस्टापर्यंत गेलो. परत येईस्तोवर कान आहेत की गेले ते हात लावून पाहावं लागलं, आणि हातालाही कळत नव्हतं. सुजातानं मला खुर्चीवर बसवून कान कोमट कपड्यानं शेकले. "बाबा, हे नागपूर नोहे," ती म्हणाली. पोर आता हुकूम सोडायला शिकली होती. मला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

तिथं सकाळी उठलं की प्रत्येक जण आपापल्या दारातला बर्फ फावड्यानं उपसतो. बँकेचा मॅनेजर उपसतो, पाद्री उपसतो. मीही सुजाताच्या घरमालकिणीच्या दारातला बर्फ उपसू लागलो. तिच्या पायऱ्या, तिच्या फाटकापर्यंतची वाट, सगळं. मला त्यात कमीपणा वाटला नाही. मायच्या नियमात फावडं नव्हतं.

झाडूचा खेळ

आल्यावर आठवडाभरात सुजातानं जाहीर केलं, "बाबा, मी तुमचं नाव टाकून राहिले. सोमवारी संध्याकाळी खेळाले जायचं."

"कोणता खेळ?"

"कर्लिंग. नवख्यांची लीग आहे. आमच्या टीममध्ये एक माणूस कमी पडून राहिला."

मी म्हणालो, माझं वय अठ्ठावन्न. ती म्हणाली, तिथं सत्तरीचे आहेत. मी म्हणालो, मला बर्फावर उभं राहता येत नाही. ती म्हणाली, त्यांनाही येत नाही, म्हणूनच नवख्यांची. मग म्हणाली, "मी येथं आली त पहिल्या वर्षी माह्याशी कोणी कामाशिवाय बोलत नव्हतं, बाबा. या सोमवारानं बोलाले लागले." म्हणून सोमवारी तिच्याबरोबर निघालो.

खेळाची जागा म्हणजे पत्र्याची लांबच लांब वखार. आत जमीन नाही, बर्फ. बर्फावर एक माणूस पाठीला डबा लावून बारीक थेंब शिंपडत चालला होता, आपल्याकडे कपाशीवर औषध मारतात तसा. त्या थेंबांच्या पुटकुळ्या गोठतात आणि त्यांच्यावरून दगड घसरतो. हा दगड म्हणजे जात्याचा वरचा दगडच समजा. तसाच गोल, तसाच जड, वर धरायला मूठ. या टोकाहून दगड सरकवायचा, त्या टोकाला बर्फाखाली रंगीत वर्तुळं काढलेली असतात. त्या वर्तुळांना ते लोक घर म्हणतात. ज्याचा दगड घराच्या मध्याशी सर्वांत जवळ राहील, तो जिंकला.

इथवर मी खुशीत होतो. मग सुजातानं माझ्या हातात झाडू दिला.

लांब दांड्याचा, खाली गवताच्या जाड काड्या घट्ट बांधलेल्या. मी आजूबाजूला पाहिलं. त्या वखारीत प्रत्येकाच्या हातात तो होता. खेळाचा अर्धा भाग तोच. एक जण दगड सोडतो आणि दोघं त्या दगडाच्या पुढे पुढे पळत बर्फ झाडत जातात. झाडल्यानं बर्फ गुळगुळीत होतो आणि दगड जास्त लांब जातो. कमी जोरानं सुटलेला दगड घरापर्यंत पोचवायचा असेल तर झाडण्याशिवाय गत्यंतर नाही.

आमच्या टीमचा कॅप्टन डॉक्टर मॅक्रे. सुजाताच्या दवाखान्याचा प्रमुख, पांढऱ्या भुवयांचा, गुडघे दुखणारा, दिसायला कडक आणि बोलायला मऊ. दुसरी ओल्गा, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली मुख्य बाई, दंड पैलवानाचे. तिसरी सुजाता, चौथा मी. डॉक्टर त्या टोकाला घरात उभे राहून कुठे टाकायचं ते दाखवणार आणि किती झाडायचं ते ओरडणार. शेवटचा दगड नेहमी सुजाताचा. तो सुटला की ओल्गानं आणि मी त्याच्यापुढे झाडायचं.

माझ्या पहिल्या दगडाची हकीकत ऐका. बर्फात बसवलेल्या रबरी पायरीला पाय टेकवून, पुढे घसरत, दगड हळूच सोडून द्यायचा असतो. सोडायचा असतो हे सगळ्यांनी सांगितलं होतं. पण बर्फावर घसरत असताना हाताशी धरण्यासारखी तेवढी एकच वस्तू असेल तर माणूस ती सोडत नाही. मी दगडाबरोबर गेलो. अर्ध्या वाटेत पोटावर आलो, टाय दगडाखाली अडकला आणि आम्ही दोघं एकत्र थांबलो. वखारीत बर्फाच्या चार पट्ट्या होत्या, त्या चारहींवरचा खेळ थांबला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर त्या टोकाहून चालत आले, टाय सोडवला आणि म्हणाले, "दिशा बरोबर होती, मिस्टर रामटेके."

ही लाज मला चालली. पडणं सगळ्यांच्याच वाट्याला येत होतं.

पण मग ओल्गाचा दगड सुटला, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून हाक मारली, "स्वीप! स्वीप!"

मी इंग्रजी जाणतो. आयुष्यभर इंग्रजीत मसुदे लिहिले आहेत. तो खेळातला शब्द आहे हे मला कळत होतं. तरीही कानात जे वाजलं ते गल्लीच्या तोंडाचं ओरडणं होतं. हातात झाडू, जमीन दुसऱ्याची, आणि एक गोरा माणूस लांबून ओरडतो आहे, झाड. माझे हात दांड्याला जसे होते तसेच राहिले. दगड माझ्या शेजारून निघून गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "काही होतंय का?"

मी म्हणालो, "कंबर."

कंबर

त्या एका शब्दानं पुढचे सगळे सोमवार खाल्ले.

डॉक्टरपुढे कंबर दुखते म्हणू नये. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं, टेबलावर पालथं निजवलं, पाठीचा एकेक मणका दाबून पाहिला. "इथं दुखतं?" "थोडं." "इथं?" "तिथंही थोडं." त्यांनी मलम दिलं, झोपताना करायचे व्यायाम सांगितले. ओल्गानं गरम पाण्याची रबरी पिशवी पाठवली, वर लोकरीचं कव्हर स्वतः विणलेलं. घरमालकिणीनं माझ्या हातून फावडं काढून घेतलं आणि स्वतः बर्फ उपसू लागली. साठीची बाई दारात बर्फ उपसते आहे आणि मी आत गरम पिशवीला टेकून खिडकीतून पाहतो आहे. निवांतपणाच्या इतक्या सोयी माझ्या आयुष्यात कधी झाल्या नव्हत्या, आणि एकही सुखानं भोगता आली नाही.

एकदा सुजाता कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि तिचा झाडू घेऊन फरशीवर हात मारून पाहिले. सहज जमलं. हात झाडूला मुळीच परके नव्हते. मग कोणी ऐकलं तर काय, या भीतीनं मी झाडू खुंटीला लावून खुर्चीवर बसून राहिलो.

सोमवारी मी दगड टाकायचो. ते मला हळूहळू जमायला लागलं. झाडायची वेळ आली की झाडू खांद्याला लावून दगडाबरोबर चालायचो. ओल्गा एकटी झाडायची, आणि जमेल तेव्हा डॉक्टर त्यांच्या गुडघ्यांनिशी अर्ध्या वाटेपर्यंत येऊन माझी बाजू धरायचे. दवाखान्यात ज्यांच्यापुढे सगळे उभे राहतात, ते माझ्या वाटणीचं झाडायचे आणि वर मलाच म्हणायचे, "तुम्ही वाकू नका." आम्ही एकही सामना जिंकलो नाही.

त्यांच्या खेळात पंच नसतो. तुमचा झाडू दगडाला लागला, तर तुम्हीच हात वर करून सांगायचं. आपल्याकडे कबड्डीत सीमारेषेवरून दोन गावांची डोकी फुटतात, आणि इथं माणसं स्वतः होऊन म्हणतात, माझा लागला. मी कधी हात वर केला नाही. माझा झाडू दगडाच्या जवळही गेला नव्हता.

खेळ संपला की हरलेले आणि जिंकलेले एका टेबलाशी बसतात, हा त्यांचा रिवाज. ओल्गा घरून डबा आणायची, उकडलेल्या करंज्यांसारखं काहीतरी, आत बटाटा, वर तळलेला कांदा. चव चांगली, पण अगदी सोज्वळ. मी एकदा मायची पुडी काढली आणि चिमूटभर तिखट टाकलं. डॉक्टरांनी माझं पाहून चांगलं चमचाभर टाकलं. त्यांच्या भुवया एवढ्या वर गेल्या की परत येतात की नाही असं झालं. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, पण माणूस थांबला नाही. संपवून म्हणाले, "हे तुमच्या आईनं कुटलं?" मी हो म्हणालो. "तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. त्या टेबलावर मी त्यांना कंबरेचं खरं सांगायला हवं होतं. मी त्यांना अजून एक चिमूट वाढली.

शेवटचा सोमवार

मार्चच्या अखेरीस ते वखारीतला बर्फ वितळवून टाकतात, म्हणून लीगचा शेवटचा सोमवार जोरात होतो. बायकामुलं पाहायला येतात, ओल्गाचा नवरा कॅमेरा घेऊन आला होता. समोर पोस्टमास्तरांची टीम. आणि काय झालं कोण जाणे, त्या दिवशी आमचे दगड नीट पडत गेले. शेवटपर्यंत बरोबरी. शेवटचा दगड तेवढा उरला, सुजाताचा. घरात पोस्टमास्तरांचा एक दगड मध्याच्या जवळ बसला होता. सुजाताचा त्याच्याहून आत गेला, की हिवाळ्यातला आमचा पहिला आणि शेवटचा विजय.

दगड घेण्याआधी सुजाता माझ्याजवळ आली. तोंडावर हसू, पण ओठ कोरडे. "बाबा," ती म्हणाली, "आज थोडंसं झाडजा. दोन हात मारले तरी चालते."

मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली होती.

तिनं दगड सुरेख सोडला, अगदी रेषेत, पण थोडा हळू. निघाल्या निघाल्या ओल्गाला कळलं, ती तुटून पडली. काड्यांचा फटाफट आवाज छपरावर घुमायला लागला. त्या टोकाहून डॉक्टर ओरडले, "स्वीप! मिस्टर रामटेके, स्वीप!" मागून सुजाताचा आवाज आला, मराठीत, "बाबा, झाडा!" पाहायला आलेली माणसंही ओरडू लागली. एवढी माणसं एका वेळी मला झाड म्हणून सांगत होती. मी झाडू खांद्यावरून खाली घेतला, दोन्ही हातांनी धरला. काड्या बर्फाला टेकल्या. आणि मी थांबलो.

डॉक्टर धावले. ते दुखरे गुडघे घेऊन म्हातारा माणूस बर्फावर अक्षरशः धावला, माझ्या पुढे वाकला आणि माझ्या मुलीच्या दगडापुढे झाडू लागला.  डॉक्टरांचा पाय घसरला, ते एका गुडघ्यावर आले, तसेच झाडत राहिले. ओल्गाच्या नवऱ्याच्या कॅमेऱ्याचा उजेड पडला. दगड घरात शिरला, मंद झाला आणि थांबला. पोस्टमास्तरांच्या दगडापेक्षा मध्यापासून एक वीत लांब.

सगळ्यांनी हातमोजे काढून एकमेकांशी हात मिळवले. हरल्यावरही मिळवतात, तो रिवाज आहे.  ओल्गानं माझी पाठ थोपटली. डॉक्टरांना दोघांनी धरून बाकावर बसवलं. मी समोर जाऊन उभा राहिलो. धाप लागलेली असतानाच त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुमची कंबर कशी आहे?"

मला त्या बर्फाखाली जावंसं वाटलं. बरी आहे, असं मी म्हणालो.

घरी जाताना सुजाता दोन पावलं पुढे चालत होती. पायाखाली बर्फ करकरत होता. शेवटी मीच म्हणालो, "माह्या कंबरेले काही झालं नाही."

"मले माहीत हाये, बाबा. मी नर्स आहे."

मग मी तिला चुलीतल्या काड्यांची गोष्ट सांगितली. पाटलाच्या माणसाची, चहाची. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि आम्ही घरात हे कधी बोललो नव्हतो. तिनं सगळं ऐकलं. माझी बाजू घेतली नाही आणि दोषही दिला नाही. फाटकापाशी आल्यावर एवढंच म्हणाली, "पहिल्याच सोमवारी सांगायचं होतं. मी दुसरा खेळ पाह्यला असता." मला तिनं रागावलेलं चाललं असतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी तिनं मला एक फोटो दिला. ओल्गाच्या नवऱ्यानं काढलेला, शेवटच्या दगडाचा. "हा आजीले दाखवा," ती म्हणाली.

"हाच काहून? दुसरे हायेत ना."

"हाच दाखवा."

परत

नागपूरला उतरलो तेव्हा एप्रिल लागला होता. स्टेशनाबाहेर पडताच उन्हानं मिठी मारली आणि कान आपोआप सुखावले. पहिले काही दिवस माणसांची रीघ. मी कोठीचे, रेल्वेचे, बर्फात बुडालेल्या मोटारीचे फोटो दाखवत होतो. तो एक तेवढा बॅगेत तळाशी होता. टायची हकीकत मी इतक्यांदा सांगितली की भावाच्या पोरांना ती पाठ झाली. कंबरेपाशी आलो की मी दुसरीकडे वळत असे.

पण पोरीनं सांगितलं होतं. एके दुपारी माय दाराच्या सावलीत खाटेवर बसली असताना मी तो काढला आणि तिच्या हातात दिला. डॉक्टरांचा नमस्कारही सांगितला. मोतीबिंदूचा चष्मा लावून, फोटो नाकाशी धरून तिनं पाहिला.

"हे काय होय गा?"

"खेळ होय, माय. दगडापुढं झाडलं का दगड दूर जाते."

"दगड कोणाचा?"

"सुजाताचा."

"अन् हा गुडघ्यावर पडला तो बुढा?"

"तोच डॉक्टर. तिच्या दवाखान्यातला सगळ्यात मोठा साहेब."

"तो आपल्या सुजीसाठी झाडून राहिला?"

"हो."

तिनं फोटो थोडा लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "अन् बाजूले हा चपराशावानी उभा हाये, हा तूच ना?"

"मीच."

"तू काहून उभा हायेस? तुह्या हातात त झाडू हाये."

हा प्रश्न कधीतरी येणार म्हणून माझं उत्तर तयार होतं. सबंध हिवाळा मी त्याच्यावरच उभा होतो. "तूच त सांगतलं होतं, माय. खराटा धरायचा नाही म्हून. चुलीत घातला तवा."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलतो आहे ते तिला खरंच कळलेलं नव्हतं, हे मला दिसलं. मग कळलं.

"तो पाटलाचा होता," ती म्हणाली.

 आत भावाची बायको भांडी लावत होती, त्यांचा आवाज येत राहिला. माझा चेहरा तापला होता आणि तो उन्हानं नव्हता.

"पोचला का मंग पोरीचा दगड?" मायनं विचारलं.

"नाही."

"किती राह्यला?"

मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. तिनं फोटो मांडीवर ठेवला, आपला सुकलेला हात पुढे केला आणि माझ्या वितीला आपली वीत लावून पाहिली.

"एवढाच," ती म्हणाली. मग फोटो मला परत न देता तिनं तो लुगड्याच्या घडीत ठेवला.